दहा टॅब, सहाशे पुस्तकं आणि एक कुलूप

निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंनी विचारलंय: शाळा पहिली ते सातवी, पट 140. कपाटात सहाशेच्या आसपास पुस्तकं. यंदा गावातल्या एका द्राक्ष बागायतदारानं दहा टॅब आणि एक मोठा टीव्ही दिला. ग्रंथपाल नाही, नेट येतं-जातं. पाचवीतल्या काही मुलांना अजून सलग वाचता येत नाही, त्यातली बरीच द्राक्षबागांवर कामाला आलेल्या कुटुंबांतली. या सामानातून मुलांना वाचायला कसं लावायचं? टॅब घरी द्यावेत का? आणि पुस्तकं हरवली तर जबाबदार कोण?

बाई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, खरी गाठ तिथंच आहे. मी नाशकात शाळेचा ग्रंथपाल म्हणून लागलो त्या पहिल्याच वर्षी मोजणीत अकरा पुस्तकं कमी भरली. पैसे माझ्या पगारातून कापले गेले. पुढची तीन वर्षं मी कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरलो. मोजणी चोख भरायची आणि वरिष्ठ खूश असायचे. चौथ्या वर्षी पावसाळ्यानंतर एक खण उघडला तर गोष्टींच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. कोणी उलगडलीच नव्हती ना!

म्हणजे तुमच्या दहा टॅबांपेक्षा महत्त्वाची वस्तू ते कुलूप आहे. ते काढायचं तर आधी कागद नीट करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या: मुलांच्या हातात गेलेली पुस्तकं झिजणार, फाटणार, काही हरवणार, अशा पुस्तकांचं दरवर्षी निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढून टाकायची, वसुली करायची नाही. ठराव लिहून घ्या. त्याचा क्रमांक आणि तारीख जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत टाका आणि केंद्रप्रमुखांना आधीच दाखवून ठेवा. हे काम रुक्ष आहे, पण त्याशिवाय तुमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकाचा हात पुन्हा कुलपाकडे जाईल. त्याला दोष तरी कसा देणार?

आता टॅब. दहांपैकी एक टॅब मुलांना वाचायला देऊच नका. तो ग्रंथालयाचा. त्यावर एक साधा तक्ता करा, एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये. रकाने मोजकेच: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, पातळी, कोणी नेलं, कधी नेलं, परत कधी आलं. मोठ्या संग्रहाला 'कोहा'सारखी मोफत संगणक प्रणाली उत्तम. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि आज जगभर चालते. पण सहाशे पुस्तकांना कोहा म्हणजे शेळी बांधायला हत्तीखाना. तक्ता पुरे. एक काळजी मात्र घ्या, टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं कुठल्याही यंत्रावर तशीच दिसतात. जुन्या फाँटांत केलेल्या आमच्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसता ठिपके-चौकोनांचा भाजीपाला व्हायचा, आणि दोन हजार नावं पुन्हा बडवावी लागली.

देवघेवीची नोंद सहावी-सातवीच्या मुलांकडे द्या. दोघांची जोडी, आठवड्याला बदलणारी. सुरुवातीला चुका होतील, होऊ द्या. आमच्याकडे एका मुलानं 'परत कधी आलं' या रकान्यात तारखेऐवजी 'पावसात भिजून आलं' असं लिहिलं होतं. इतकी उपयोगी नोंद मी स्वतः कधी केली नाही.

हा तक्ता हिशेबासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. महिना झाला की तो पुस्तकांच्या नावानुसार लावा आणि एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी काढा. मग मुलांच्या नावानुसार लावा आणि एकही पुस्तक न नेलेली मुलं काढा. या दोन याद्या शेजारी ठेवून बसा. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आपल्याकडचे ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडले, त्यातले दोन असे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुमच्यासमोर जे असतं ते नेमकं हेच कोडं. वहीच्या नोंदीतून ते सोडवायला मला दिवाळीची अख्खी सुट्टी लागायची. तक्त्यात दोन मिनिटांत दिसतं. तंत्रज्ञानाचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथं, आणि तो पाहायला कोणी पाहुणे कधी आले नाहीत.

याद्या काढल्यावर बहुतेक शाळांत एकच गोष्ट दिसते. पडून राहिलेली पुस्तकं वाईट नसतात, जड असतात. कपाटात चरित्रं, विज्ञानकोश, थोरांची भाषणं, आणि समोर परिच्छेदाला अडखळणारा पाचवीचा मुलगा. म्हणून पातळी ठरवणं आलं. त्यासाठी 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची पद्धत घ्या. 2005 पासून देशभर वापरात आहे आणि एका कागदावर मावते: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथं सहज वाचतं ती त्याची पायरी. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाजूला नेऊन, एकेकट्यानं, वर्गासमोर अजिबात नाही. मग पुस्तकांच्या पाठीवर रंगीत टिकल्या लावा. पायरीला 'कच्ची', 'ढ' असली नावं देऊ नका. रंगच बोला: हिरवी, पिवळी, निळी, लाल. आणि मुलानं वरच्या रंगाचं पुस्तक मागितलं तर द्या. डायनासोरची चित्रं बघायला नेलेलं लाल पुस्तकही नेलेलंच असतं.

टिकल्या लावून झाल्या की हिरवी-पिवळी पुस्तकं फार थोडी आहेत हे उघडं पडेल. तिथं टॅब आणि प्रिंटर खरे कामाला येतात. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेनं 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत असते, दुसरीची सहाशेच्या आत. परवाना खुला आहे, म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, कोणाला विचारायला नको. नेट चालू असेल त्या दिवशी, किंवा तालुक्याला जाल तेव्हा, चाळीस-पन्नास गोष्टी एकदम उतरवून ठेवा. मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक. हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात. सातवीच्या मुलांना मी सत्तरच्या दशकातला अंक दाखवला तेव्हा त्यांना आधी चित्रांचं हसू आलं. मग मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी कोणी उठेना.

पण गोष्टी टॅबवर वाचून घेण्याऐवजी मी छापायला का सांगतोय? एक प्रसंग सांगतो. दुसरीतली एक मुलगी, वाचनाला बरी. टॅबवर गोष्ट उघडून दिली. 'शाळा' या शब्दावर अडली. फळ्यावर लिहिला, झटकन वाचला. टॅबवर पुन्हा अडली. मी चष्मा पुसून जवळून पाहिलं तेव्हा कळलं. बालभारतीच्या पुस्तकात तिनं देठाचा श आणि पाकळीचा ल शिकलेला. टॅबवरचा फाँट हिंदी वळणाचा, त्यात श निराळा, ल निराळा. तुम्हा-आम्हाला हा फरक दिसतही नाही. सात वर्षांच्या मुलीला ती दोन नवीन अक्षरं असतात. तिला वाटलं आपण विसरलो, आणि पुढची ओळ तिनं वाचलीच नाही. तेव्हापासून कोणतीही गोष्ट, कोणतंही ॲप वर्गात नेण्याआधी मी त्यात श आणि ल कसे दिसतात ते बघतो. फाँट बदलता येत असेल तर मराठी वळणाचा घ्यायचा. येत नसेल तर तिसरीच्या खाली ते वापरायचं नाही.

छापण्याचं दुसरं कारण साधं आहे. टॅब दहा आणि मुलं 140. छापलेली गोष्ट चार घडीची पुस्तिका होऊन दप्तरातून घरी जाते. धाकटं भावंड ओढतं, आई चुलीपाशी विचारते काय वाचतोस. रंगीत छपाई परवडत नसेल तर काळ्या रेषांची चित्रं असलेल्या गोष्टी निवडा, मुलं रंगवतात आणि पुस्तक त्यांचं होतं. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी अनुदान असतं. ते आलं की मुख्याध्यापकांशी बोलून आधी पातळ पुस्तकं घ्या. जाडजूड ग्रंथ आपोआप भेट म्हणून येतातच, कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला.

टीव्हीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो तुमच्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित ऐवज आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये एक साधी कल्पना मांडली: गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेतले शब्द पडद्याच्या खाली दाखवायचे, गायलं जाईल तसे रंगवत. गाणं पाठ असतं, त्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, आणि डोळा आपसूक अक्षरांकडे जातो. वाचन शिकवतोय असं कोणी म्हणायचं नाही. परिपाठानंतर दहा मिनिटं, आठवड्यात दोन गाणी. तयार चित्रफीत नसेल तर सातवीच्या मुलांना सांगा, पॉवरपॉइंटमध्ये एका पाटीवर एक ओळ टाकतील, मोठ्या अक्षरात, आणि गाण्याबरोबर पाट्या पुढे सरकवतील. आमच्याकडे शेतातली, बैलपोळ्याची गाणी मुलांनीच टाईप केली. 'सर्जा'चा 'सजा' झाला तेव्हा सबंध वर्गानं ओरडून चूक पकडली. पाचवीतला न वाचणारा मुलगाही ओरडला, हे मी कोपऱ्यातून पाहिलं.

राहिले नऊ टॅब. त्यांना मी कान म्हणून वापरतो, वही म्हणून नाही. शिक्षक एक आणि मुलं चाळीस, रोज प्रत्येकाचं वाचन ऐकणं शक्य नाही. गूगलचं 'रीड अलाँग' हे ॲप 2019 साली 'बोलो' या नावानं आलं. ते मुलाचं मोठ्यानं वाचणं ऐकतं, अडल्यावर शब्द उच्चारून दाखवतं, आणि मराठीतही आहे. उपयोगी आहे, पण एका ओळीत सहा मुलं बसवून लावलंत तर शेजारच्याचा आवाज घेतं आणि न वाचलेल्याला शाबासकी देतं. व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन, वर्गाच्या मागं एक, झाडाखाली एक, असे पसरून बसवा. शिवाय आपल्याकडची मुलं 'ण'चा 'न' करतात, त्यावर यंत्र कुरकुरतं. मुलाला स्पष्ट सांगून ठेवा की टॅबला आपलं बोलणं नीट कळत नाही, चूक टॅबची. हे सांगितलं नाही तर काही मुलं तोंडच मिटून घेतात.

ॲप नसलं तरी चालेल. टॅबवरचा साधा ध्वनिमुद्रक घ्या. जून, दिवाळीनंतर आणि मार्च, अशा तीन वेळा प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन टिपून ठेवा. फाईलला नाव आणि महिना द्या. पालकसभेत गुणपत्रक दाखवण्याऐवजी आधी जूनचं ऐकवा, मग मार्चचं. निरक्षर आजीलाही कळतं काय बदललं ते. 2021 च्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं म्हटलंय. त्यातला 'समजून' हा शब्द लोक गाळतात आणि घड्याळ लावून बसतात. धडाधड वाचून 'कोण कुठं गेलं?' याचं उत्तर न देणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. वाचून झालं की एक प्रश्न विचारा, त्याचं उत्तरही त्याच फाईलमध्ये टिपा.

'दीक्षा' हे सरकारी ॲप आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड तुम्हाला माहीत आहेतच. धडा समजायला ठीक. वाचनाची गोडी लागायला त्यांचा फारसा उपयोग मला झाला नाही.

आता पाचवीतल्या त्या मुलांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यातली बरीच द्राक्षबागांवर आलेल्या कुटुंबांतली आहेत. ऑक्टोबरात द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं खाली निफाड-दिंडोरीला उतरतात आणि खुडा आटोपेपर्यंत राहतात. मूल दोन शाळांत विभागलं जातं. त्यात घरची बोली कोकणा किंवा वारली, पुस्तकाची भाषा वेगळी. असं मूल वाचनात मागं नसतं, ते दुसरी भाषा वाचत असतं. त्याला आधी त्याच्या तोंडची भाषा कागदावर दिसली पाहिजे.

बागलाणातल्या एका शाळेत आम्ही हे अहिराणीत केलं. तिसरीतल्या मुलानं आपल्या आईची गोष्ट सांगितली, आम्ही टॅबवर बोलून टाईप करण्याची सोय लावली. तो म्हणाला, "मन्ही माय," म्हणजे माझी आई. टॅबवर उमटलं, 'म्हणी माय'. पुन्हा म्हणाला, पुन्हा 'म्हणी'. तिसऱ्यांदा तो टॅबच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडला. शेवटी मी म्हटलं, तूच दुरुस्त कर. ज्या मुलानं तोवर पेन्सिल हातात धरायचा कंटाळा केला होता, तो अर्धा तास त्या एका ओळीशी झगडत बसला. म-न-ही, जोडायचं कसं, वेलांटी कुठली. गोष्ट आठ ओळींची झाली. चित्रं त्यानंच काढली, आईच्या डोक्यावरची पाटी पानाच्या बाहेर गेली. पुस्तिका छापली, पाठीवर हिरवी टिकली लावली, दाखल क्रमांक दिला आणि कपाटात ठेवली. तक्त्यात ती वर्षभरात एकतीस वेळा गेलेली दिसते. त्या कपाटातल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या नशिबात हे नव्हतं.

तुमच्याकडच्या मुलांचं कोकणा किंवा वारली बोलणं तुम्हाला कळणार नाही. न कळू दे. मोठी बहीण, बागेवरची मावशी यांना शाळेत बोलवा, त्या सांगतील तसं देवनागरीत लिहा आणि खाली मराठी ओळ द्या. यंत्रावर इथं विसंबू नका.

बागेतल्या मुलांपर्यंत पुस्तक नेण्यासाठी पेटी करा. नाशकात ही कल्पना नवीन नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे जातात आणि ठरावीक काळानं आपसात बदलतात. तुम्हाला शंभर नकोत, वीस पुरे. पत्र्याची छोटी ट्रंक, वीस हिरवी-पिवळी पुस्तकं आणि झाकणाच्या आत चिकटवलेली यादी. वस्तीवरच्या सहावीतल्या एखाद्या मुलीकडे किल्ली. पंधरा दिवसांनी पेटी बदला आणि नोंदी तक्त्यात चढवा. शेजारच्या दोन शाळा तयार झाल्या तर तीन पेट्या फिरत्या ठेवा, साठ पुस्तकांत तीन गावं. नाशिक शहरात येणं झालं तर सार्वजनिक वाचनालयात डोकवा, 1840 पासून चालू असलेली संस्था आहे. मुलांची सहल पंचवटी, पांडवलेणी करून परत फिरते तेव्हा तिथं एक तास थांबवता येतो का बघा. एवढी पुस्तकं एका छताखाली पाहिल्यावर खेड्यातलं मूल आधी आवाज खाली करतं, मग विचारतं, "हे सगळं कोणी वाचलंय?"

टॅब घरी द्यावेत का? माझं मत, नको. घरी गेलेला टॅब संध्याकाळी मोठ्या भावाकडे जातो आणि त्यावर काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. फुटला तर पुन्हा तीच वसुली, पुन्हा तेच कुलूप. घरी पुस्तक द्या, पेटी द्या, छापलेली गोष्ट द्या. एकाच बाबतीत मी अपवाद करतो. दृष्टी कमी असलेलं मूल असेल तर टॅब त्याचाच. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि मजकूर मोठ्यानं वाचूनही घेता येतो. त्याला तो घरी द्या आणि तसा ठराव वेगळा करा.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचं. एका शाळेत टॅब एप्रिलच्या शेवटी पूर्ण रिकाम्या बॅटरीनं पत्र्याच्या खोलीत ठेवले. जूनमध्ये सहांपैकी चार चालू झाले नाहीत, एकाची पाठ फुगून आली होती. सुट्टीआधी सगळे निम्मे चार्ज करा, बंद करा आणि सिमेंटच्या खोलीत, उन्हापासून लांब ठेवा. मे महिन्यात एकदा कोणाला तरी पाठवून पुन्हा निम्म्यावर आणा. पुस्तकांच्या कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवा, पण कोरडा. गेल्या खेपेला एका शाळेनं ओलाच ठेवला आणि कसरीऐवजी बुरशी आली.

पहिल्या महिन्याच्या त्या दोन याद्या निघाल्या की पाठवा. बाहेर न गेलेली पुस्तकं आधी पाठवा, मुलांची यादी नावं झाकून.